अनुच्चारित वर्ण

लेखनात दर्शविलेला, परंतु उच्चारात नसलेला वर्ण वा चिन्ह. उच्चार पिढ्यानुपिढ्या बदलतो. लेखन मात्र, विशेषतः मुद्रणाच्या प्रसारानंतर, स्थिरावते. बहुतेक अनुच्चारित वर्ण या अंतरातून निर्माण होतात. इंग्रजी ‘नाइट’ (योद्धा) या शब्दाच्या आरंभी लिहिला जाणारा ‘के’ प्राचीन इंग्रजीत उच्चारला जात असे. याउलट ‘डेट’ (ऋण) या फ्रेंचमधून आलेल्या शब्दातील ‘बी’ हा त्याचे लॅटिन मूळ दाखविण्यासाठी मागाहून घालण्यात आला. इंग्रजीत तो कधीच उच्चारला गेला नाही.

मराठीत अनुच्चारित वर्णांचे दोन प्रकार आढळतात. पहिला लिपीच्या स्वरूपातून उद्‌भवतो. देवनागरी व्यंजनचिन्हात ‘अ’ अंतर्भूत असतो. पण शब्दाच्या अंती व पुष्कळदा मध्येही तो उच्चारात लोपतो. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ या नावाचा उच्चार ‘शिरूर् अनंत्पाळ्’ असा होतो. म्हणजे तीन ठिकाणचा ‘अ’ केवळ लेखनात उरतो. हा लोप बराचसा नियमित असल्याने मराठी भाषकास तो वेगळा शिकावा लागत नाही. याच नावातील शीर्षबिंदू मात्र ‘न्’ असा स्पष्ट उच्चारला जातो.

दुसरा प्रकार अनुच्चारित अनुस्वाराचा. ‘पांच’ (सं. पञ्च), ‘दांत’ (सं. दन्त), ‘नांव’ (सं. नाम) या शब्दांतील अनुस्वार मूळच्या अनुनासिकाचा अवशेष होता. ‘घरीं’, ‘तें’, ‘केलें’ अशा रूपांवरही तो देत असत. प्रमाण मराठीत हे उच्चार लुप्त झाले. कोकणीत मात्र ‘दांत’, ‘नांव’ यांतील अनुनासिक आजही ऐकू येतो. उच्चाराचा आधार नसल्याने हे अनुस्वार व्युत्पत्ती जाणून किंवा पाठ करूनच लिहावे लागत. संस्कृत न शिकलेल्या विद्यार्थ्यावर त्याचा भार अधिक पडे आणि कानाला योग्य वाटणारे लेखनही अशुद्ध ठरे.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या व 1962 मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या नियमांनी असे अनुस्वार वर्ज्य ठरविले. ‘मुलांना’, ‘घरांपुढे’ यांसारख्या अनेकवचनी रूपांवरील अनुस्वार तेवढा राखला. बोलीतील ‘केलं’, ‘असं’ यांवरील शीर्षबिंदू अनुनासिक दाखवीत नाही. तो अन्त्य ‘अ’चा ठळक उच्चार सुचवितो.

या बदलाने लेखन सुलभ झाले, तथापि काही भेद नाहीसे झाले. ‘नांव’ (अभिधान) व ‘नाव’ (होडी) एकरूप झाले. ‘तें गेलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते गेले’ हे पुल्लिंगी अनेकवचन यांतील फरक आता केवळ संदर्भाने कळतो. जुन्या लेखनाचे साक्ष म्हणून असलेले मोल जाणून, केशवसुतपूर्व पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळाबरहुकूम छापावे, असे महामंडळाच्या नियमांत सांगितले आहे. त्यामुळे प्रचलित लेखनातून गेलेले हे अनुस्वार जुन्या ग्रंथांच्या पानांवर टिकून आहेत.