कायद्याच्या मसुद्यावर जनतेचे मत : धोरण आणि वास्तव

एखादा कायदा संसदेत मांडला जाण्यापूर्वी त्याचा मसुदा जनतेसमोर यावा आणि त्यावर नागरिकांना मत नोंदविता यावे, या हेतूने केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधिपूर्व विचारविनिमय धोरण स्वीकारले. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिवांच्या समितीने १० जानेवारी २०१४ रोजी याबाबत निर्णय घेतला आणि ५ फेब्रुवारी रोजी विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाने तो सर्व मंत्रालयांना कळविला.

या धोरणानुसार प्रत्येक मंत्रालयाने प्रस्तावित कायद्याचा मसुदा, किंवा किमान त्याची आवश्यकता, प्रमुख तरतुदी, आर्थिक भार तसेच पर्यावरण, मूलभूत हक्क आणि बाधितांच्या उपजीविकेवर होणारा संभाव्य परिणाम यांची माहिती निदान ३० दिवस जाहीर ठेवावी, अशी अपेक्षा आहे. मसुद्यासोबत सोप्या भाषेतील स्पष्टीकरण द्यावे, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवावा आणि मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिपणातही तो समाविष्ट करावा, असेही नमूद करण्यात आले आहे. कायद्याखाली होणाऱ्या नियमांनाही हेच धोरण लागू आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. ज्या कायद्यांनी नियमांच्या पूर्वप्रसिद्धीची अट घातली आहे, तेथे मसुदा प्रसिद्ध करून हरकती विचारात घेण्याची पद्धत १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने ठरवून दिली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये, जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबद्ध वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे.

तथापि, २०१४ चे धोरण हा कायदा नव्हे. त्याचे पालन न झाल्यास कोणताही दंड नाही. विचारविनिमय शक्य वा इष्ट नाही असे मंत्रालयास वाटल्यास, मंत्रिमंडळाच्या टिपणात कारणे नोंदवून त्यास तो टाळता येतो.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध झाला. त्याविरुद्धच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये उपलब्ध करण्याचा आदेश दिला. या आदेशाविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार असो वा विदर्भातील खाणीलगतचा शेतकरी, प्रकल्पाची झळ ज्याला पोहोचणार त्यालाच मसुदा वाचता येत नसेल, तर ३० दिवसांची मुदत असून नसल्यासारखीच ठरते.

तिसरा प्रश्न सूचनांचे पुढे काय होते हा आहे. वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये मतांसाठी खुला झाला, तेव्हा आलेली मते उघड केली जाणार नाहीत, असे मंत्रालयाने जाहीर केले होते. लोकांना मोकळेपणाने मत मांडता यावे, हे त्यामागील कारण देण्यात आले. याच मसुद्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल सुचविलेला होता. पूर्वी व्यापक जनहित असल्यास वैयक्तिक माहितीही देता येईल, असे या खंडातच म्हटलेले होते. बदलानंतर वैयक्तिक माहितीला सरसकट सूट मिळते. माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या विरोधानंतरही हा बदल २०२३ च्या कायद्यात कायम राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. कलम ८(२) अन्वये जनहितार्थ माहिती देण्याची मुभा आजही आहे, अशी सरकारची भूमिका आहे. कोणत्या आक्षेपास कोणते उत्तर दिले गेले, हे मात्र मूळ मते गुप्त राहिल्याने ताडून पाहता येत नाही.

सूचना पाठविणाऱ्याने खंडाचा क्रमांक, त्यावरील आक्षेप, त्याचे कारण आणि पर्यायी शब्दरचना स्पष्ट मांडल्यास तिची दखल घेणे संबंधित अधिकाऱ्यास सोपे जाते. केवळ विरोध वा पाठिंबा दर्शविणारे एकसारखे मजकूर बहुधा एकाच मुद्द्याखाली मोजले जातात. पाठविलेल्या पत्राची प्रत जपून ठेवावी. मुदतीनंतर गोषवारा प्रसिद्ध न झाल्यास तो माहिती अधिकाराखाली मागता येतो.

प्रत्येक सूचना स्वीकारली जावी, असा या प्रक्रियेचा अर्थ नाही. निर्णयाचा अधिकार अखेर लोकनियुक्त सरकार व संसदेकडेच राहतो. परंतु सूचना का नाकारली हे सांगितले गेले, तर नाकारलेल्या नागरिकालाही आपले म्हणणे ऐकले गेल्याची खात्री पटते. त्या उत्तराविना विचारविनिमय ही केवळ पत्रे गोळा करण्याची औपचारिकता ठरण्याचा धोका आहे.