उलट टपाली कळवावे

हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं आणि त्यावर मजकूर छापला की तेच सहा रुपयांचं होतं. बारा पट. प्रत्येक साध्या कार्डामागे टपाल खात्याला तोटा होतो, तेव्हा कंपन्यांनी स्वस्त कार्डाचा फायदा उपटू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या ‘सुरभि’ला उत्तरं पाठवणाऱ्यांनी असा पूर आणला की स्पर्धांसाठी वेगळं, महागडं कार्ड काढावं लागलं. पण या दरपत्रकाचा एक परिणाम कोणी योजला नसावा. लहान दुकानदाराने जाहिरात करायची ती स्वतःच्या अक्षरात, असा जणू सरकारी नियमच झाला.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, किंमत पाव आणा. त्याच्या मागे-पुढे दोन गोष्टी आल्या, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू झाली आणि १८८० मध्ये मनिऑर्डर टपाल खात्याकडे आली. म्हणजे मागणी कळवायला कार्ड, माल पोचवून पैसे वसूल करायला व्ही.पी. आणि आगाऊ रक्कम धाडायला मनिऑर्डर, हे सगळं चारेक वर्षांत गावोगावी हाताशी आलं. आयुर्वेदिक औषधं, पुस्तकं, बियाणं, हार्मोनियम विकणाऱ्यांनी त्यावर आपले धंदे उभारले. दुकान एका गल्लीत, गिऱ्हाईक तीन जिल्ह्यांत.

ज्यांना परवडलं ते कार्डाच्या पुढे गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणारे शेतकरी त्यांनी पाहिले होते, तेव्हा नुसता भाव कळवून भागणार नव्हतं. बोलत राहावं लागणार होतं. शंकरराव किर्लोस्करांनी ते बोलणं इतकं वाढवलं की नांगर बाजूला राहून मराठीतलं एक मोठं मासिक तयार झालं. हे भाग्य सगळ्यांचं नसतं. बाकीच्यांच्या वाट्याला कार्डच होतं.

कार्डाचा हा व्यापार मला सगळ्यात जवळून दिसला तो आंब्याच्या धंद्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकात रत्नागिरीकडच्या बहुतेक बागायतदारांचा माल मुंबईच्या दलालाकडे जाई. तिथून हिशेबाची पट्टी येई, तीही टपालाने: इतक्या पेट्या, हा भाव, वजा हमाली, वजा गाडीभाडं, वजा दलाली. भाव काय मिळाला हे माल विकून झाल्यावर कळायचं. हंगामाआधी दलालाकडून उचल घेतलेली असल्यामुळे तक्रारीला तोंड नसे.

पावसजवळचे एक बागायतदार, ज्यांना सगळे दादा म्हणत, उचल फिटेल एवढा माल दलालाला देत आणि उरलेला थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवत. शिमगा सरला, फळ धरलंय की नाही हे कळलं, की कार्डांचा गठ्ठा यायचा. संध्याकाळी पडवीत दादा मजकूर सांगत आणि घरातली शाळकरी मुलं लिहीत. मजकूर ठरलेला असे. वर श्री, मग स.न.वि.वि., मग ‘यंदा मोहोर दोनदा आला, पहिला गळाला, दुसरा टिकला. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पेट्या निघतील. भाव पाच डझनी पेटीचा असा. मागणी उलट टपाली कळवावी.’ खाली मोकळी जागा राहिलीच तर वहिनी एखादी ओळ घालत, चिरंजीवांचा दहावीचा निकाल कळवा म्हणून.

खरी गंमत कार्डात नव्हती, दादांच्या लांब पाठाच्या वहीत होती. नाव, पत्ता, किती पेट्या, कोणत्या आठवड्यात. आणि शेवटच्या रकान्यात शेरे: ‘कच्ची फळं लागतात, आढी स्वतः लावतात.’ ‘पायरी चालते.’ ‘साखर निघाली, यंदापासून एकच पेटी.’ ‘सोसायटीत चौघांत वाटून घेतात, पैसे जोशी देतात.’ १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, याचं दादांना फार कौतुक. त्यांनी लाल शाईने वहीत सगळीकडे सहा आकडे भरून घेतले. बँकेत नोकरी करणाऱ्यांची बदली झाली की पत्ता खोडून नवा लिहिला जाई. लागोपाठ दोन हंगाम उत्तर नाही आलं तर नावापुढे फुली, त्याला पुन्हा कार्ड नाही. पन्नास पैशांच्याही आधीचा, पंधरा पैशांचा तो काळ. पण पंधरा पैसे आणि पोराची पाच मिनिटं उगाच घालवायची नाहीत, हा शिरस्ता.

आजचे विपणनवाले यालाच गिऱ्हाइकांची वर्गवारी म्हणतात आणि त्याचे वर्ग घेतात. त्यांची टिंगल करायची नाही, काम तेच आहे. फरक इतकाच की दादांना माणसामागे खर्च होता, म्हणून माणूस लक्षात ठेवावा लागे. फुकट निरोप धाडता येत असता तर त्यांनीही सगळ्या पुण्याला धाडले असते, असं मला वाटतं.

एका वर्षी मोहोर करपला आणि बाग रिकामी गेली. तरी कार्डं गेलीच. ‘यंदा फळ नाही. आपण दुसरीकडून घ्यावे, पुढील साली कळवतो.’ पुढच्या साली वहीतल्या मागण्या एकदम वाढल्या. लोकांना वाटलं, नाही म्हणणारा माणूस पेटीत खालच्या थराला लहान फळं दडवणार नाही.

बाकीच्या धंद्यांतही कार्ड फिरत होतं. विम्याचे एजंट हप्त्याची आठवण आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच कार्डात उरकत. शिंपी गणपतीच्या आधी ‘कापड लवकर टाका’ म्हणून लिहीत. दिवाळी अंकवाले श्रावणातच वर्गणी मागत.

मग गल्लोगल्ली एस.टी.डी. बूथ आले आणि उलट टपालाची वाट कोण पाहणार? २००२ मध्ये पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं ‘मेघदूत’ कार्ड पंचवीस पैशांत निघालं. कल्पना चांगली, पण माझ्या हाती आलेल्या मेघदूतांवर सरकारी संदेशच जास्त होते. आंबेवाल्याला ती जागा नकोच होती, त्याला त्याचं अक्षर हवं होतं.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. थेट विक्रीला आता कायद्याचाही आधार आहे. दादांचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी चालवतो. एका यादीत २५६ नावं बसतात, आणि निरोप फक्त त्यालाच पोचतो ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला आहे. पहिल्या हंगामात निम्म्या लोकांना निरोप पोचलेच नाहीत. तेव्हा तो वही घेऊन बसला आणि एकेकाला फोन करून ‘माझा नंबर सेव्ह करा’ म्हणून सांगत सुटला. त्यात निम्मा वेळ गेला तो वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी आणि पायरीचा भाव सांगण्यात.