केसाहून बारीक वाट

श्रोतेहो, शेताला पाणी देताना पाट मोकळा आहे ना, हे आपण आधी पाहतो. मऊ गाळ वाहून जातो. पण एखादी काटकी आडवी बसली की पालापाचोळा तिथेच साचतो आणि पुढचे वाफे कोरडे राहतात. शरीरातही असेच घडते बरे का!

रक्तातील तांबडी पेशी मधोमध दबलेल्या चकतीसारखी असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर तिची रुंदी सात-आठ भाग भरते. अगदी बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, कित्येक ठिकाणी पाच-सहा भागच रुंद! मग पेशी जाते कशी? ती मऊ असते. अंग दुमडून घेते आणि एकीमागे एक अशा पेशी पुढे सरकतात.

नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरकडे, काही घरांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. यात पेशीतील हिमोग्लोबिनच वेगळे असते, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. प्राणवायू सोडला की असली पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि वाट अडवते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते.

शास्त्रज्ञ पारदर्शक पदार्थात केसाहून बारीक नळ्या करून त्यांतून रक्त सोडतात. संगणकावर प्रत्येक पेशी लवचीक पिशवी मानून हिशेब मांडतात. त्यातून ध्यानात येते ते असे : पेशी ताठरायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात ती रुंद शिरेत पोचली, तर निभावले. पेशीतले पाणी घटले, तर हा अवधी फार कमी होतो. म्हणून अशा मुलाला भरपूर पाणी पाजा. कडक ऊन आणि थंडी यांपासून जपा.

गुरुजनहो, या दुखण्याची जखम दिसत नाही. पोर वारंवार कण्हत असेल, तर त्याला कामचुकार म्हणू नका. दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला सांगा. आजार स्पर्शाने पसरत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी रक्त तपासा.

२०२३ साली केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. पण पहिली पायरी घरातलीच : दुखते म्हणणाऱ्या पोरावर विश्वास ठेवणे.