‘संत्रा’ मूळचा कुठला? सातपुड्यापासून लिस्बनपर्यंत एका नावाचा प्रवास

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मराठीभाषक आणि संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. हे तालुके छिंदवाड्यासह मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. येथे आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीला येते, मृग बहाराचे हिवाळ्याच्या अखेरीस. बाजारात त्याला नाव एकच, ‘संत्रा’. हा शब्द पोर्तुगालमधील लिस्बनजवळच्या ‘सिंत्रा’ गावावरून आला, असे मत फार पूर्वीपासून मांडले जाते.

गोव्यातील वाचकाला ही व्युत्पत्ती चटकन पटेल. परंतु तिच्यात एक अडचण आहे. हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना बाबराने ‘संगतरा’चा उल्लेख केला आहे. बाबराचा मृत्यू १५३० चा आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. इतक्या थोड्या काळात एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात रुळले असेल, हे संभवनीय वाटत नाही.

याउलट ‘नारंगी’चा माग स्पष्ट आहे. संस्कृत ‘नारंग’ हा शब्द मुळात द्राविडी असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर कडू नारिंगासह युरोपात पोहोचला. स्पॅनिशमध्ये तो ‘नारांखा’ झाला. पोर्तुगीजमध्ये ‘न’चा ‘ल’ होऊन ‘लारांजा’ झाला. गोव्याच्या कोकणीतील ‘लारांज’ तेथूनच आला. इटालियन ‘अरांचा’ आणि फ्रेंच ‘ओरांज’ यांतील आरंभीचा ‘न’ मात्र गळाला. ‘एक’ या अर्थाच्या ‘उन’ शब्दातच तो विरून गेला. फ्रेंचमध्ये सोने या अर्थाच्या ‘ओर’ शब्दाचीही छाया त्यावर पडली.

या सर्व भाषा लॅटिनच्याच लेकी. तरीही सगळ्यांनी हा शब्द घेतला नाही. कातालान भाषेतील ‘तारोंजा’ अरबी ‘तुरुंज’वरून आला, आणि तुरुंज म्हणजे महाळुंग. रुमानियन भाषेत फळाचे नाव ‘पोर्तोकाला’, म्हणजे चक्क पोर्तुगालवरून पडलेले. गोड जातीचा युरोपातील प्रसार पोर्तुगीज व्यापाऱ्यांशी जोडला जातो, त्याचीच ही खूण.

नावांबरोबर फळही बदलले, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आज स्पेनमध्ये ‘नारांखा’ म्हटले की जे घट्ट सालीचे गोड फळ समोर येते, ते आपल्या मोसंबीच्या जातीचे आहे. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून पडले, असे मानतात. पांढुर्ण्याचा सैल सालीचा, बोटांनी सहज सोलता येणारा संत्रा वनस्पतिशास्त्रानुसार ‘मँडरिन’ होय. त्याच्या जातभाईंना स्पॅनिशमध्ये ‘मांदारिना’ म्हणतात, तर पोर्तुगीजमध्ये मोरोक्कोतील टँजिअर शहरावरून ‘तांजेरिना’.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात ऑरेंज आणि मँडरिन यांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. सौसरचा बागायतदार आपला माल इंग्रजीत सवयीने ‘ऑरेंज’ म्हणतो. परदेशी खरेदीदार मात्र त्या नावाने मोसंबीसारख्या फळाची अपेक्षा करतो. ‘नारंग’ याच देशातून निघाला आणि ‘ऑरेंज’ होऊन परत आला. परतताना त्याने दुसऱ्याच फळाची ओळख सोबत आणली. म्हणून पेटीवर नाव लिहिताना ‘संत्रा’ या शब्दाशेजारी ‘मँडरिन’ लिहिणेच अधिक अचूक ठरेल.