होडीच्या अंगावरची रेघ

पाण्याजवळच्या रेघेचे महत्त्व सांगलीच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी ५७ फुटांच्या वर चढले, तेव्हा सारे शहर त्या पुलाकडे डोळे लावून बसले होते. पुलावरच्या आकड्यांवर एवढा विश्वास टाकणारे आपण होडीच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्याकडे मात्र नुसती नक्षी म्हणून पाहतो.

नक्षी म्हणून तो सुंदर असतोच. साडीला काठ असावा तसा होडीला पट्टा असतो. कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात किंवा कोयनेच्या शिवसागरात दूरवरून लाँच येताना दिसते, तेव्हा आधी डोळ्यांत भरतो तो रंग. सहसा पट्टे दोन असतात. एक वर, काठाच्या खाली, होडीच्या बाकावर बाक देत गेलेला, हा शोभेचा. दुसरा खाली, पाणी लागते तिथून चार बोटे वर. हा शोभेचाही आणि कामाचाही. कारण गाळ, तेल, शेवाळ यांचा सारा मळ तिथेच बसतो.

वरचा पट्टा उन्हाने, दोराच्या घासण्याने आणि चढता-उतरता लागणाऱ्या हातांनी झिजतो. खालचा पट्टा गढूळ पाणी खरवडून काढते. होडी जुनी झाली की दोन्ही विटतात आणि एखाद्या उन्हाळ्यात मालक ठरवतो, की यंदा पट्टे नवे करायचे.

लाकडी होडीचे काम आपल्या पेंटरच्या ओळखीचे असते. सुटलेला रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, प्रायमर द्यायचा, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून मध्ये ऑइल पेंटचे दोन पातळ हात मारायचे. टेप काढण्याची वेळ महत्त्वाची. रंग कडक वाळल्यावर काढली तर कड फाटते. थोडा चिकट असतानाच ती हलक्या हाताने सोडवावी लागते.

फायबरच्या होडीवर बहुधा चिकटपट्टीचा पट्टा असतो; गाडीवर नक्षी लावून देणारा रेडियमवाला कापून देतो त्याच जातीचा. जुना काढताना नखाने ओरबाडू नये. केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली की तो सलग निघतो आणि उरलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसून साबणाच्या पाण्याने धुता येतो. मग खाली एक गंमत दिसते. भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढल्यावर मागचा रंग ताजा निघतो, तसा पट्ट्याखालचा भाग ताजा आणि बाजूचा विटलेला. पॉलिशने घासून दोन्ही एकसारखे करावे लागतात. नवी पट्टी सावलीत, साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवायची आणि खालचे पाणी दाबून बाहेर काढायचे. ताणायची मात्र नाही. ताणलेली पट्टी उन्हात आकसते आणि टोके सुटतात.

शिडाच्या होडीचे काम आणखी नाजूक. ती वाऱ्याने एका अंगावर कलते, म्हणून तिचा खालचा पट्टा जरा वर आणि रुंद घेतात. शिवाय जिथे तिचे अंग आत वळते तिथे पट्टा जास्त रुंद काढला, तरच तो दुरून सारखा दिसतो. डोळा असा फसतो, म्हणून जाणता कारागीर वीस पावले मागे जाऊन पाहतो आणि मगच ब्रश बुडवतो.

इथपर्यंत सारे हौसेचे. खरा प्रश्न खालच्या पट्ट्याचा आहे. जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली की काम झाले, असे वाटते. पण होडीचे वजन वाढत जाते. लाकूड पाणी पिते, रंगाचे थर चढतात, मागे इंजिन येते, डिझेलचा कॅन येतो, उन्हासाठी छप्पर येते. नवी असताना चार बोटे वर असलेला पट्टा हळूहळू पाण्याखाली जातो. मग मालक पेंटरला सांगतो, ‘पट्टा जरा वर घे.’ होडी पुन्हा छान तरंगताना दिसते. पण पाण्यापासून काठापर्यंतची उंची जेवढी घटायची तेवढी घटलेलीच असते. बँकेच्या नोकरीत मी असे ताळेबंद पाहिले आहेत. आकड्यांची मांडणी बदलली की तोटा दिसेनासा होतो; तो भरून निघत नाही.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार याच एका रेघेसाठी वर्षानुवर्षे भांडला. विम्याच्या भरवशावर जुनी जहाजे बेसुमार लादून समुद्रात सोडली जात होती. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर माल भरण्याच्या मर्यादेची खूण सक्तीची झाली. पण ती कुठे काढायची हे पहिली काही वर्षे मालकाच्याच हाती राहिले आणि काहींनी ती सोयीने वर चढवली. पुढे १८९० मध्ये तिची जागा कायद्याने ठरवून दिली.

हे फार दूरचे वाटत असेल, तर ब्रह्मनाळ आठवा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या या गावी महापुरातून माणसे बाहेर काढणारी होडी उलटली. घर वाचवण्यापेक्षा जीव वाचवू म्हणून निघालेली माणसे त्यात बुडाली. त्या घाईत कोण कोणाला ‘तू थांब’ म्हणणार? माणसाला जे म्हणवत नाही ते म्हणण्यासाठीच रेघ लागते.

म्हणून जुन्या होडीचा पट्टा बदलताना आधी तिला संथ पाण्यात सोडावे. नेहमीचे सामान आणि माणसे बसवून दोन्ही टोकांना, दोन्ही अंगांना पाण्याची खूण करावी. काठावर आणल्यावर गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून त्या खुणा एका पातळीत जुळवाव्यात. जुन्या रेघेपेक्षा होडी खाली बसत असेल, तर पट्टा वर न्यायच्या आधी अनावश्यक वजन उतरवावे आणि तेवढी माणसेही कमी बसवावीत. वरचा पट्टा हवा तितका नटवावा. खालचा मात्र जिथे खरा आहे तिथेच असावा.

सातारा जिल्ह्यात १८४२ साली बांधलेल्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर गर्दी असते. तापोळा-बामणोलीला कोयनेच्या पाण्यात पर्यटक फिरतात, वासोट्याला निघालेली मंडळी बामणोलीहून होडीने पलीकडे जातात. मुलाबाळांना घेऊन तुम्हीही कधी जाल. होडीत पाय ठेवण्यापूर्वी तिचा खालचा पट्टा पाहा. तो पाण्याच्या वर दिसत असेल तर बसा आणि लाइफ जॅकेट घाला. बुडालेला असेल तर पुढच्या होडीची वाट पाहा. तोवर मुलांना त्या रेघेची गोष्ट सांगता येईल.