जिथे सायकल होडीला वाट देते

बर्लिनच्या आग्नेयेला सुमारे 100 किलोमीटरवर स्प्रे नदी एका सपाट, पाणथळ खोऱ्यात शिरते आणि असंख्य फाट्यांत विखुरते. हिमयुगातील बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने घडवलेल्या या खोऱ्याला उतार जवळजवळ नाही, म्हणून नदी एका पात्रात राहत नाही. फाट्यांचे आणि माणसाने खोदलेल्या कालव्यांचे हे जाळे म्हणजे स्प्रेवाल्ड, अर्थात स्प्रेचे रान. 1991 पासून ते युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. सायकलला चढ नाही आणि होडीला ओढ नाही, त्यामुळे लहान मुलांसह एका दिवसात दोन्हींची सफर येथे जमते.

बर्लिनहून रेल्वेने साधारण तासाभरात ल्यूबेनाऊ येते. तेथे सायकली भाड्याने मिळतात. सुमारे 260 किलोमीटरचा 'काकडी सायकलमार्ग' याच भागातून जातो. त्याच्या पाट्यांवर सायकल चालवणारी हसरी काकडी दिसते. स्प्रेवाल्डची लोणच्याची काकडी प्रसिद्ध असून 1999 पासून तिच्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. तोडणीच्या दिवसांत शेतात ट्रॅक्टरला पंखांसारख्या लांब फळ्या जोडलेल्या दिसतात. मजूर त्यांवर पालथे झोपून, ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकत असताना खालच्या वेलींवरच्या काकड्या खुडतात.

ल्यूबेनाऊपासून जेमतेम दोन किलोमीटरवर लेडे हे गाव आहे. 1929 पर्यंत येथे पोचायला पाण्याशिवाय वाट नव्हती. घरे ओंडक्यांची, काहींची छपरे बोरूची, आणि आढ्याच्या टोकाला लाकडी सापांची जोडी. प्रत्येक घरापुढे अंगणाऐवजी होडीचा धक्का असतो. गवताच्या गंजी मध्ये खांब रोवून रचतात आणि तळाशी लाकडी बैठक ठेवतात, म्हणजे पाणी चढले तरी चारा भिजत नाही. टपालही 1897 पासून उन्हाळ्यात होडीनेच येते. वाटेतले लाकडी पूल उंच कमानीचे असतात, कारण खालून होडी जायला हवी. सायकलस्वाराने उतरून सायकल ढकलत न्यावी.

हा प्रदेश सॉर्ब, म्हणजेच वेंड, या स्लाव्ह अल्पसंख्याकांचा. गावांच्या पाट्यांवर जर्मन नावाखाली लोअर सॉर्बियन नाव असते. दुपारच्या जेवणात उकडलेले बटाटे, घट्ट दह्यासारखा क्वार्क आणि वरून जवसाचे तेल हा इथला साधा बेत.

जेवणानंतर सायकली ठेवून कॅनू घ्यावी. दोघांपासून चौघांपर्यंतच्या कॅनू तासाच्या भाड्याने मिळतात. मुलांना तरंगजाकीट घालावे. खासगी मोटारबोटींना बहुतेक कालव्यांवर बंदी असल्याने पाणी शांत असते. वाटेत भेटणाऱ्या लांबट, सपाट तळाच्या होड्यांवर नावाडी उभा राहून लांब काठी तळाला टेकवत होडी ढकलतो. त्यांना वाट द्यावी. मुलांना सर्वाधिक गंमत वाटते ती पाण्याची पातळी बदलण्याच्या दारांची. एक दार उघडून होडी कप्प्यात घ्यायची, ते बंद करायचे, पाणी पुढच्या पातळीला आले की दुसरे उघडायचे. पुष्कळ ठिकाणी हे काम हाताने फिरवायच्या यंत्राने होते. सुट्टीत गावातली मुले ते करतात आणि प्रवासी त्यांना चार नाणी देतात.

एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. उन्हाळ्यात डास पुष्कळ, म्हणून मलम बरोबर असावे. पहिल्याच खेपेला एक-दोन तासांची फेरी आखणे पुरेसे, आणि फाटे एकमेकांसारखेच दिसत असल्याने भाड्याच्या होडीबरोबर मिळणारा नकाशा हाताशी ठेवावा.