धागा तुटला की माग थांबावा : सॉफ्टवेअर कंपन्यांतील 'कोच' काय शिकवतो?

आपल्या मोहल्ल्यातील जी मुले-मुली पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथे सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीस आहेत, त्यांच्या तोंडी 'अजाइल', 'स्क्रम', 'स्प्रिंट' आणि 'कोच' हे शब्द सारखे येतात. घरातील वडीलधारी मंडळी ते ऐकतात आणि 'हे आपल्या धंद्यातले नव्हे' म्हणून सोडून देतात. आम्हांस मात्र वाटते की आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. याची कारणे तीन. या पद्धतीचे एक मोठे मूळ यंत्रमागात आहे. दुसरे असे की, दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवून घेताना पैसे बुडू नयेत म्हणून तिचा उपयोग होतो. आणि तिसरे, आपल्या मुलांच्या फीचा पैसा या नावाखाली कोठे खर्च होतो, हे आई-बापांना कळले पाहिजे.

मूळ मागात आहे

जपानमध्ये १८६७ साली साकिची तोयोदा नावाचा एका सुताराचा मुलगा जन्मला. लाकडी हातमागात सुधारणा करून त्याने १८९१ मध्ये पहिले पेटंट घेतले. पुढे १९२४ मध्ये त्याचा स्वयंचलित यंत्रमाग तयार झाला. या मागाचे दोन मोठे गुण होते. धोट्यातील सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई; आणि ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ मध्ये या मागाचे हक्क विकत घेतले. हीच ती कंपनी, जिची यंत्रे मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांत चालत असत.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील बंधूंना या दुसऱ्या गुणाची किंमत सांगायला नको. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला आणि कारागिराची नजर गेली नाही, तर माग तसाच चालत राहतो. कापड वाढत जाते, त्याबरोबर दोषही वाढत जातो आणि तो उघडा पडतो व्यापाऱ्याच्या गादीवर, माल तपासताना. तोयोदाच्या मागाने दोष जागच्या जागी पकडला. त्यामुळे एकेका मागापाशी एकेक माणूस उभा करण्याची गरज उरली नाही आणि एक कामगार अनेक माग सांभाळू लागला.

तोयोदाच्या मुलाने १९३७ मध्ये मोटारीचा धंदा काढला. तीच आजची टोयोटा. तोयोदाच्या सूत व कापडाच्या कारखान्यात १९३२ पासून नोकरीस असलेले ताइची ओहनो १९४३ मध्ये मोटारींच्या कारखान्यात आले. त्यांनी मागाचा नियम माणसांच्या कामाला लावला. दोष दिसला तर साध्या कामगारालाही सगळी रांग थांबवण्याचा हक्क दिला. शिवाय अमेरिकेतील स्वयंसेवा दुकानांत फळीवरील जेवढा माल विकला जातो तेवढाच पुन्हा भरला जातो, हे पाहून त्यांनी कारखान्यातही पुढच्या कामाला जेवढे लागेल तेवढेच मागच्याने बनवावे, असा शिरस्ता घातला. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चिठ्ठीला 'कानबान' म्हणतात. हा शब्द आज सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भिंतीवर दिसतो, तो तेथून आला.

सॉफ्टवेअरचे दुखणे

पूर्वी मोठे सॉफ्टवेअर बनवण्याची रीत अशी होती. ग्राहकाला काय हवे ते सर्व आधी कागदावर उतरवायचे, मग आराखडा, मग लिखाण आणि तपासणी अगदी शेवटी. यात वर्ष, दोन वर्षे जात. ही रीत म्हणजे शेरवानीचे माप एकदाच घेऊन, मध्ये एकही ट्रायल न देता, थेट निकाहच्या दिवशी कपडा हातात देण्यासारखी होती. आपला कोणताही हुशार टेलर कच्ची शिलाई करून गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढवून पाहतो. सॉफ्टवेअरवाल्यांना ही साधी गोष्ट धंद्यात आणायला फार नुकसान सोसावे लागले.

एक मोठा दाखला पाहा. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने आपल्या तपासाचे कागद संगणकावर आणण्यासाठी एक सॉफ्टवेअर बनवून घेतले. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये ते काम सोडून द्यावे लागले. २००६ मध्ये 'सेंटिनल' नावाने नवे काम एका बड्या कंपनीला दिले. २०१० पर्यंत ठरलेल्या ४५ कोटी डॉलरपैकी सुमारे ४० कोटी खर्च झाले आणि चार टप्प्यांपैकी दोनच हाती आले. तेव्हा संस्थेने काम स्वतःच्या ताब्यात घेतले, कंत्राटी माणसे पुष्कळ कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांनी, दर टप्प्याला चालते काम दाखवत, ते जुलै २०१२ मध्ये वापरात आणले. पैसा वाढवून व माणसे वाढवून जे झाले नाही, ते कामाची रीत बदलल्यावर झाले.

'अजाइल' म्हणजे काय?

अजाइल म्हणजे चपळ. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी होंडा, कॅनन अशा कंपन्या नवा माल कसा तयार करतात, यावर एक लेख लिहिला. त्यांनी अशा टोळीची तुलना रग्बीच्या संघाशी केली; सगळे खेळाडू चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकतात. रग्बीतील 'स्क्रम' हा शब्द पुढे जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी सॉफ्टवेअरच्या कामाला दिला आणि १९९५ मध्ये आपली पद्धत जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे अशा विचाराचे १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा आशय थोडक्यात असा : नियम व हत्यारांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसातील संवाद मोठा, जाड कागदपत्रांपेक्षा चालते काम मोठे, कराराच्या शब्दांवर ओढाताण करण्यापेक्षा ग्राहकाला सोबत घेणे मोठे, आणि आखलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदल स्वीकारणे मोठे.

प्रत्यक्षात काम असे चालते. साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची टोळी असते. काय काय करायचे याची एक यादी असते आणि त्यात आधी कोणते, नंतर कोणते, हे धंदा जाणणारा एक माणूस ठरवतो. एका टप्प्याला 'स्प्रिंट' म्हणतात. तो बहुधा दोन आठवड्यांचा, फार तर एक महिन्याचा असतो. रोज पंधरा मिनिटे सर्वजण भेटतात आणि काम कोठे अडले आहे ते सांगतात. टप्पा संपला की चालते काम ग्राहकापुढे ठेवतात. त्यानंतर टोळी स्वतःच बसून मशवरा करते : काय चांगले झाले, काय बिघडले, पुढच्या खेपेला कोणती गोष्ट बदलायची?

कोच म्हणजे मुकादम नव्हे

आता कोचचे काम. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद असतो. मैदानात उतरतो तो पैलवान. वस्ताद कडेला उभा राहून त्याची चूक पाहतो, डाव शिकवतो. कोच तसाच. तो स्वतः सॉफ्टवेअर लिहून देत नाही, हुकूम सोडत नाही, हजेरी घेत नाही. पहिले काही दिवस तो फक्त पाहतो. मग सगळे काम चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावायला सांगतो : काय बाकी आहे, काय हातात आहे, काय झाले. चिठ्ठ्या लागल्या की बहुतेक ठिकाणी एकच सत्य दिसते. सुरू केलेली कामे वीस, पुरी झालेली दोन. तेव्हा तो म्हणतो, नवे काम उचलू नका, आधी हातातले संपवा.

हे झाले सोपे काम. अवघड काम पुढचे आहे. ते म्हणजे माणसाला खरे बोलता यावे अशी हवा तयार करणे. मागाचा धागा तुटला की माग थांबतो, कारण लोखंडाला भीती नसते. माणसाला असते. 'माझ्याकडून हे होत नाही', 'ही तारीख पाळता येणार नाही', 'कालचे काम चुकले' असे म्हटले तर पगारवाढ जाईल, साहेब चिडेल, या भीतीने नोकरदार गप्प बसतो. मग रोजच्या बैठकीत सगळे 'ठीक चालले आहे' म्हणतात आणि दोष वाढत जातो. कोच हा गप्पपणा फोडतो. टोळीला तो प्रश्न विचारायला शिकवतो, आणि मालकाला एकांतात सांगतो की जो दोष दाखवतो त्याला दटावू नका.

मोठ्या कंपनीत अशा पन्नास टोळ्या असतात आणि एकीचे काम दुसरीसाठी अडते. परवानगी वरून यायला महिना लागतो, पैसा वर्षातून एकदाच मंजूर होतो. अशा वेळी टोळीला शिकवून भागत नाही. वरच्यांच्या सवयी बदलाव्या लागतात. पूर्ण संस्थेला शिकवणारा कोच त्यासाठी नेमतात. त्याच्या यशाची खूण एकच, त्याच्यावाचून काम नीट चालू लागणे.

नाव बदलते, सवय तीच

या धंद्यात ढोंगही बरेच शिरले आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक कंपन्यांत जुन्याच मुकादमाला नवे नाव दिले जाते. पंधरा मिनिटांची भेट ही हजेरी होते आणि दोन आठवड्यांचा टप्पा म्हणजे दर दोन आठवड्यांनी जाच. मालक बदलायला तयार नसेल तर कोच कितीही लायक असो, त्याचे काही चालत नाही.

मुलांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. स्क्रमची काही प्रमाणपत्रे दोन दिवसांच्या वर्गानंतर मिळतात. ती घेणे गैर नाही; पण दोन दिवसांत कोणी वस्ताद होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने अजाइलची म्हणून असलेली १,१०० च्या वर पदे एकदम रद्द केली आणि ते काम इंजिनिअर व इतर लोकांनीच करावे असे ठरवले. म्हणून आमचा मशवरा असा की, मुलाने आधी सॉफ्टवेअरचे किंवा धंद्याचे पक्के हुनर हातात घ्यावे, काही वर्षे टोळीत राहून काम करावे आणि मग शिकवण्याकडे वळावे. कर्ज काढून निव्वळ प्रमाणपत्रामागे धावू नये.

आपल्या दुकानात, आपल्या कारखान्यात

बिलाचे, उधारीचे किंवा मालसाठ्याचे सॉफ्टवेअर बनवून घ्यायचे असेल तर सगळे काम एकदम ठरवू नका आणि सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. प्रथम फक्त जीएसटीसह बिल निघेल एवढेच मागा आणि ते दोन-तीन आठवड्यांत आपल्याच गल्ल्यावर चालवून पाहा. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला ते जमले की मग उधारीचे खाते आणि त्यानंतर मालसाठा. दर टप्प्याचे काम व दर टप्प्याची किंमत वेगळी लिहून घ्या. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात आणि त्यात वस्तूचे वर्णन व मोबदला स्पष्ट असावा लागतो. छोटे टप्पे केले तर ही स्पष्टता सहज राहते आणि पुढे भांडण होत नाही. शंका वाटल्यास जाणत्या आलिमांना विचारावे.

कारखान्याच्या मालक बंधूंना एक गोष्ट अधिक सांगायची आहे. आपल्याकडे कारागीर बहुधा मीटरवर किंवा नगावर मजुरी घेतो. त्याने दोष पाहून माग थांबवला तर त्याचीच मजुरी बुडते. मग तो का थांबवील? मालात खोट निघाली की आपण कारागिराला बोल लावतो, पण त्याच्या तोंडाला कुलूप आपल्याच मजुरीच्या रिवाजाने घातलेले असते. दोष वेळीच दाखवणाऱ्याचा थांबलेला वेळ भरून द्या. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या नमाजनंतर का होईना, सर्वांना अर्धा तास बसवा आणि काम कोठे अडते ते विचारा. जो बोलेल त्याला त्याच दिवशी उत्तर द्या आणि सांगितलेल्यांपैकी एक तरी अडचण पुढच्या आठवड्यापर्यंत दूर करून दाखवा. यासाठी संगणक लागत नाही, कोचची फी लागत नाही. ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते, आणि ती मालकानेच दाखवायची असते.